१९२२चा रुपया आणि नसलेला ठिपका

साताऱ्याकडच्या एका घरात लक्ष्मीपूजनाला मांडायचे ४३ चांदीचे रुपये होते. वाटणीच्या वेळी त्यांची यादी करायचे ठरले. व्हिक्टोरियाचे ९, सातव्या एडवर्डचे ११, पाचव्या जॉर्जचे २१ आणि सहाव्या जॉर्जचे २ अशी ती निघाली. पाचव्या जॉर्जच्या एकविसांपैकी एकावर सन होता १९२२. यादी व्हायच्या आधीच एका नाणेविक्रेत्याने हा रुपया हातात घेऊन सांगितले होते की याच्यावर मुंबईचा ठिपका नाही, म्हणजे हा कलकत्त्याचा १९२२, असा सापडत नाही. घरच्यांनी तो डबीतून काढून वेगळ्या पाकिटात ठेवला, आणि वाटणी त्या एका पाकिटापाशी अडली.

विक्रेत्याचे निरीक्षण बरोबर होते. नाण्यावर ठिपका नव्हताच. चूक झाली ती त्यावरून अर्थ काढताना.

ठिपका कुठला ते आधी पाहू. पाचव्या जॉर्जच्या रुपयाच्या मागच्या बाजूला फुलापानांच्या नक्षीचे कडे आहे. त्यात गुलाब, थिसल आणि शॅमरॉक या विलायती वनस्पती आणि सर्वात खाली आपले कमळ. आतल्या वर्तुळात मूल्य, इंडिया हा शब्द आणि सन. मुंबई टांकसाळीच्या रुपयावर कमळाच्या खाली, फूल आणि कड यांच्यामधल्या अरुंद जागेत, एक बारीक उठावदार ठिपका असतो. कलकत्त्याच्या रुपयावर ती जागा मोकळी असते. मिंट मार्क म्हणतात तो एवढाच. आधीच्या नाण्यांची सवय असलेला माणूस इथे अक्षर शोधत बसतो. व्हिक्टोरियाच्या नंतरच्या रुपयांवर बी किंवा सी असते आणि एडवर्डच्या मुंबईच्या रुपयांवर बारीक बी, पण पाचव्या जॉर्जच्या रुपयावर अक्षर नाही. आजच्या नाण्यांचा नियमही मागे लावू नये. सनाखाली चौकट म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा हे स्वातंत्र्यानंतरचे गणित आहे. नोएडाची टांकसाळ तर १९८८ची. ब्रिटिश रुपयावरचा ठिपका पाहून "नोएडा" लिहिलेली पाकिटे खरोखर विकायला येतात.

आता सन. पाचव्या जॉर्जचा रुपया १९११ ते १९२२ एवढीच वर्षे पडला. १९११ ते १९२० दोन्ही टांकसाळींत, १९२१ आणि १९२२ फक्त मुंबईत. पुढचा चांदीचा रुपया थेट सहाव्या जॉर्जचा, १९३८चा. या आकड्यांमागे पहिले महायुद्ध आहे. युद्धात रुपयाची मागणी इतकी चढली की नोव्हेंबर १९१७ मध्ये एक रुपयाची नोट काढावी लागली. अमेरिकेने १९१८च्या पिटमन कायद्याखाली आपले चांदीचे डॉलर वितळवून ब्रिटनला चांदी विकली आणि ती इथे रुपये पाडायला आली. १९१८ आणि १९१९ या दोन्ही सनांचे रुपये दोन्ही टांकसाळी मिळून दरसाल ४० कोटींवर आहेत. १९२० मध्ये हा आकडा १० कोटींच्या आसपास उतरला, १९२१ मध्ये ५१ लाखांवर आला आणि १९२२ मध्ये जेमतेम २० लाखांवर. १९१९चा रुपया चांदीच्या भावाच्या आसपास विकला जातो आणि १९२२च्या रुपयाला कितीतरी पट जास्त मागतात, ते यामुळे.

म्हणजे १९२२ आणि ठिपका नाही, ही जोडी टांकसाळीच्या हिशेबात बसत नाही. असे नाणे समोर आले की "आजवर न सापडलेला प्रकार" ही शक्यता यादीत सर्वात शेवटी लिहायची. तिच्याआधी पाच साध्या शक्यता आहेत. ठिपका मळाखाली दडला आहे, झिजून गेला आहे, कोणी घासून काढला आहे किंवा दागिन्याची कडी बसवताना गेला आहे, नाणे पाडायच्या ठशातच त्या जागी घाण भरल्याने उमटला नाही, किंवा सनच मूळचा नाही. सहावी म्हणजे नाणेच पूर्ण बनावट.

सहावी आधी निकालात काढावी, कारण तिला वेळ लागत नाही. या रुपयाचे मूळ वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. चांदी ९१.७ टक्के, बाकी तांबे. व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास आणि कड दातेरी. हातातल्या नाण्याचे वजन ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ११.४२ भरले. चलनात फिरलेल्या आणि वर्षानुवर्षे घासलेल्या रुपयाला एवढी घट साहजिक आहे. मग पाण्यातली तपासणी. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणायचा. नाणे बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काचेला टेकणार नाही असे धरायचे. काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागायचे. इथे आकडा १.१० आला, भागाकार १०.३८. या चांदीची घनता १०.३४ धरतात, तेव्हा जमले. काट्यात ०.०१ची चूक धरली तर उत्तर १०.२९ ते १०.४८ यांत कुठेही असू शकते, म्हणून ही तपासणी ९१.७ टक्के आणि शुद्ध चांदी यांतला फरक सांगत नाही. पण पितळ असते तर आकडा १.३४च्या पुढे गेला असता आणि १९४०नंतरची निम्म्या चांदीची धातू असती तर १.२०. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले की आकडा फुगतो, तेव्हा बुडवल्यावर दोरा दोनदा हलवून घ्यावा. कडेवर भिंगातून साच्याची आडवी शिवण दिसली नाही, दाते सरळ आणि सारख्या खोलीचे होते. नाणे टांकसाळीचेच आहे, एवढे इथे ठरले.

त्यानंतर मळ. देव्हाऱ्यातल्या रुपयांचा मळ इतर नाण्यांसारखा नसतो. हळद, कुंकू, तूप आणि चांदी धुण्याच्या पावडरीचा पांढरा गाळ दर दिवाळीला थोडा थोडा नक्षीच्या खोबणीत बसतो, आणि कमळ आणि कडेमधली जागा म्हणजे तर आयतीच खोबण. याच संचातल्या १९१६च्या एका रुपयावर तिथे लालसर टेकाड होते. नुसत्या डोळ्याला तो मुंबईचा ठिपका वाटला आणि पहिल्या यादीत तो तसाच चढलाही. नाणे दिवसभर शुद्ध ॲसिटोनमध्ये ठेवले, बांबूची टूथपिक पाण्यात मऊ करून तिच्या टोकाने हलके उचलले, तेव्हा कुंकवाचा खडा निघाला. खाली सपाट चांदी होती. तो रुपया कलकत्त्याचा. उलट १९१३च्या दोन रुपयांवर मळाखालून खरा ठिपका निघाला. एकवीसपैकी तीन नाण्यांची टांकसाळ केवळ मळ काढल्याने बदलली, हे प्रमाण देव्हाऱ्यातल्या संचाच्या मानाने जास्त नाही.

ॲसिटोन काचेच्या झाकणाच्या भांड्यात, खिडकी उघडी ठेवून आणि देव्हाऱ्यातल्या दिव्यापासून लांब वापरावे, कारण ते झटकन पेट घेते. रंग आणि सुगंध घातलेले नखपॉलिश काढायचे द्रव चालत नाही. नंतर नाणे डिस्टिल्ड पाण्यातून काढून मऊ कापडावर टिपायचे, पुसायचे नाही. चिंच, राख, रांगोळी, दंतमंजन यांतले काहीही नाण्याला लावू नये. त्याने चमक येते आणि नेमका ठिपकाच गोल घासला जातो.

१९२२च्या रुपयावर ॲसिटोननंतरही ठिपका निघाला नाही.

झीज. इथे एक सोपी पण हमखास विसरली जाणारी गोष्ट आहे. ठिपका कडेला लागून आहे, आणि उंच कड त्याला आडोसा देते. नाणे टेबलावर घासले जाते तेव्हा आधी कड आणि नक्षीचे उंच भाग झिजतात. म्हणून ठिपका पूर्ण गेला असेल तर कमळाच्या पाकळ्याही सपाट झालेल्या असायला हव्यात. तुलनेसाठी संचातलाच १९१८चा मुंबईचा, जवळपास तेवढ्याच झिजेचा रुपया शेजारी ठेवला. त्याच्या पाकळ्यांच्या मधल्या रेघा अर्ध्या गेल्या होत्या आणि ठिपका बुटका झाला होता, तरी ठळक दिसत होता. १९२२च्या पाकळ्या त्याहून चांगल्या होत्या. मग ठिपका आधी जाणे शक्य नाही.

घासून काढला असेल का? उजेडाने हे कळते. खोलीतला दिवा बंद करून एकच टेबललॅम्प घ्यायचा, नाण्याच्या पातळीपासून साधारण १५ अंश वर आणि घड्याळातल्या दहाच्या दिशेला. १० पट भिंगातून पाहताना उठावाची सावली दिव्याच्या विरुद्ध बाजूला पडते, खळग्याची दिव्याच्याच बाजूला. डोळा यात फसतो, खळगा टेकाडासारखा दिसू लागतो. तसे वाटले की दिवा हलवायचा नाही, नाणे अर्धे फिरवायचे आणि पुन्हा पाहायचे. मोबाइलने फोटो काढायचा असेल तर गोल रिंगलाइट टाळावा. चहूबाजूंनी उजेड आला की सावलीच राहत नाही आणि ठिपका असूनही फोटोत दिसत नाही. ऑनलाइन विक्रीतले बरेच वाद या रिंगलाइटचे असतात.

कमळाखाली एका दिशेने ओढलेल्या ओरखड्यांचा पट्टा, खोलगट डाग किंवा आजूबाजूपेक्षा वेगळी चमक दिसली असती तर ठिपका काढला असे म्हणता आले असते. दागिन्यात गेलेल्या रुपयाच्या कडेवर डाक, म्हणजे जोडकामाचा वितळवलेला धातू, लावल्याची करडी, किंचित खडबडीत जागा राहते आणि तिथले दाते बुजतात. इथे यातले काही नव्हते. पृष्ठभाग बाकी नाण्यासारखाच, जुन्या राखाडी छटेचा, अखंड. ठशात घाण भरून ठिपका न उमटणे शक्य असते, पण ती घाण सहसा एवढ्या टिंबापुरती थांबत नाही. शेजारच्या पाकळीचे टोक किंवा कडेचे मणीही पुसट येतात. इथे ते स्वच्छ उमटले होते.

म्हणजे या जागी ठिपका कधी नव्हताच. टांकसाळ कलकत्ता, हे विक्रेत्याचे म्हणणे इथवर पक्के झाले. मग शंका जाते ती सनावर. कलकत्त्याने १९२२चा रुपया पाडला नाही, तर कलकत्त्याच्या कोणत्या सनापासून १९२२ करता येतो? आकडा एकच बदलायचा तर दोन सन उरतात. १९१२, म्हणजे तिसरा आकडा बदलायचा, किंवा १९२०, म्हणजे चौथा. नाण्यावर आकडे इंग्रजी आहेत हे लक्षात ठेवावे. तिथला एक म्हणजे उभी दांडी, आणि शून्य म्हणजे बंद अंडाकृती. शून्याचा दोन करायला डावी बाजू कापून खाली पाय जोडावा लागतो, आणि कापलेल्या जागी तळ खरवडलेला दिसतो. दांडीचा दोन करायचा तर दांडी काढून नवा आकडा बसवावा लागतो, किंवा आजूबाजूची धातू कोरणीने रेटून उभी करावी लागते.

नाणे १० पटीऐवजी २० पट भिंगाखाली घेतले, नजर सनावर आणि उजेड तसाच तिरका. पहिले एक आणि नऊ यांची मुळे तळात सलग उतरत होती. ठशाने दाबलेला आकडा असाच असतो, त्याची भिंत आणि तळ एकाच धातूचे आणि मधला कोन किंचित गोलसर. चौथा आकडा, शेवटचा दोन, तोही तसाच. तिसऱ्या आकड्याच्या, म्हणजे आधीच्या दोनाच्या, मुळाशी मात्र सबंध केसासारखी काळी रेघ होती. डाव्या बाजूला ती तुटून तिथे शिशासारखा करडा, मऊ दिसणारा थर बाहेर आला होता. आकड्याभोवती नखाएवढ्या जागेत समांतर बारीक ओरखडे होते आणि त्यांच्यावर राखाडी छटा कमी होती. तो भाग नंतर चोळून, मग कृत्रिमरीत्या काळा करून बाकीच्याशी मिळवायचा प्रयत्न झालेला होता.

आकार आणि अंतर यांनी उरलेले सांगितले. एकाच नाण्यावर दोनाचे दोन्ही आकडे शेजारी असल्याने तुलनेला दुसरे नाणे शोधायची गरज पडत नाही. शेवटच्या दोनाची मान गोल आणि पाय कडेला निमुळता होता. तिसऱ्याची मान जाड आणि पाय सरळ कापल्यासारखा. शिवाय तो नवाला जवळजवळ खेटला होता. उभ्या दांडीला जागा कमी लागते, दोनाला जास्त, आणि १९१२ मध्ये दांडीच्या दोन्ही बाजूंना जेवढी जागा सोडली होती तेवढ्यात दोन कोंबल्याशिवाय बसत नाही. संचातल्या १९१२च्या रुपयाचा फोटो त्याच अंतरावरून काढून दोन्ही फोटो संगणकावर एकमेकांवर पारदर्शक ठेवले. पहिला एक, नऊ आणि शेवटचा दोन रेघेवर रेघ बसले.

नाणे १९१२चा कलकत्त्याचा रुपया आहे, सन बदललेला. १९१२ मध्ये कलकत्त्याने साडेचार कोटींच्या घरात रुपये पाडले, त्यामुळे मालमसाल्याची टंचाई कोणालाच नव्हती. आकडा अडाण्याने बसवलेला नाही. हात सोनारकामाचा आहे, फक्त त्या हाताला टांकसाळींचा तक्ता माहीत नव्हता. मुंबईचा १९१२ घेतला असता तर ठिपका आयता मिळाला असता आणि हे नाणे बऱ्याच जणांच्या हातून "खरे" म्हणून सुटले असते.

म्हणूनच ठिपका आहे एवढ्यावर १९२२चा रुपया घेऊ नये. ठिपका मुळातच नव्हता असे ठरले तर नाणे तिथेच बाद करता येते. ठिपका असेल तर तपासणी संपत नाही, तिथून सुरू होते. मुंबईचा १९१२ आणि मुंबईचा १९२० या दोहोंपासून ठिपक्यासकट १९२२ बनू शकतो, आणि तिथे आकड्यांची मुळे हाच एक भरवशाचा पुरावा उरतो. विकत घेताना सनाचा तिरक्या उजेडातला, दोन दिशांचा फोटो मागावा. प्लास्टिकच्या होल्डरमधून काढलेल्या, सरळ उजेडातल्या फोटोवर हजारोंचा सौदा करण्यात अर्थ नाही. नाणे हातात असेल तर सनावर सुई किंवा टाचणी फिरवून पाहू नये. आकडा खरा असला तर ओरखडा कायमचा राहतो.

ठिपका चिकटवण्याचे प्रकारही होतात, पण त्याला कारण लागते. १९१९चा मुंबईचा आणि कलकत्त्याचा रुपया एकाच भावात जात असेल तर तिथे कोणी ठिपका लावत बसत नाही. अशा सनावर संशयास्पद टेकाड दिसले तर ते बहुधा मळ, डाक किंवा ठशावरच्या गंजाचे असते. गंजक्या ठशाचे टेकाड उठावदारच येते आणि फसवते. पण ते वेडेवाकडे असते, एकटे नसते, आणि कमळाखाली नेमके मधोमध तर क्वचितच. ठिपक्यामुळे भाव बदलतो अशाच सनावर आधी चिकटवण्याची शंका घ्यावी.

संचातले बाकीचे वीस रुपये सन आणि टांकसाळ अशा जोडीने पुन्हा लावले. मुंबई ११, कलकत्ता ८. एक १९१७चा रुपया "अनिर्णित" राहिला. त्याच्या कमळाखाली डाकाचा थर आहे, ठिपका त्याच्या आत असू शकतो. डाक उष्णतेने काढता येईल, पण त्यात नाण्याची छटा जाईल आणि १९१७च्या भावात त्याने काहीच फरक पडणार नाही, म्हणून तो तसाच ठेवला. १९११चा एकही नाही. तो असता तर वेगळे पाहावे लागले असते. त्या सनाच्या रुपयावर राजाच्या गळ्यातल्या माळेतला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली, रुपये मागे घेतले गेले आणि १९१२पासून हत्ती सुधारला. १९१२चा नाणे-ठसा पाहताना त्या हत्तीकडे एकदा नजर टाकावी. या प्रकरणातल्या नाण्यावर तो सुधारलेलाच आहे.

वाटणीत ते पाकीट आता ११.४२ ग्रॅम चांदीच्या भावाने धरले आहे. पाकिटावर पेन्सिलीने लिहिले आहे: "१९१२ कलकत्ता. तिसरा आकडा बदललेला. १९२२ म्हणून विकू नये." पेन्सिलीने, कारण बॉलपेनची शाई कागदातून नाण्यावर उतरते. पाकीट पीव्हीसी प्लास्टिकचे नाही ना तेही पाहिले. पीव्हीसी काही वर्षांत चांदीवर हिरवा चिकट थर धरते, आणि मग आकड्याच्या मुळाशी असलेली ती काळी रेघ पुढच्या माणसाला दिसणार नाही.